योग आणि क्षेम : बँकॉकच्या कालव्याकाठचा एक बाजार

मागच्या दोन व्याख्यानांत आपण बंदरांविषयी बोललो. बंदरात उतरलेला माल पुढे कुठे जातो, हा प्रश्न त्या वेळी राहून गेला होता. आज त्याकडे यायचं आहे. माल बाजारात जातो आणि बाजारातून माणसांच्या पोटात जातो. इतिहासाची पुस्तकं पहिल्या टप्प्याबद्दल पुष्कळ लिहितात, दुसऱ्याबद्दल फारच थोडं. म्हणून आज आपण एकच बाजार घेऊ, तोही खाण्याचा. बँकॉकमधला नांग लोएंग नावाचा बाजार. काही वर्षांपूर्वी आम्ही चार निवृत्त मंडळी तिथे गेलो होतो, त्यामुळे थोडं पुस्तकातलं आणि थोडं डोळ्यांनी पाहिलेलं असं हे बोलणं आहे.

सुरुवात मात्र एका शब्दापासून करावी लागेल, कारण आमचा मूळ धंदा तत्त्वज्ञानाचा. ह्या बाजाराजवळून जो कालवा वाहतो त्याचं नाव फादुंग क्रुंग कासेम. ‘क्रुंग’ म्हणजे नगर, राजधानी. ‘कासेम’ हा आपलाच शब्द आहे: क्षेम. नगराचं क्षेम सांभाळणारा, असं कालव्याचं नाव. आपल्याकडे क्षेम हा शब्द आता पत्राच्या मायन्यातच उरला आहे, ‘क्षेमकुशल’ विचारण्यापुरता. पण ‘योगक्षेम’ ही जोडी तुम्हाला ठाऊक आहे. आयुर्विम्याच्या ब्रीदवाक्यामुळे ती गीता न वाचलेल्यांनाही ठाऊक आहे. शंकराचार्य गीताभाष्यात ह्या जोडीची फोड करतात: जे मिळालेलं नाही ते मिळवणं म्हणजे योग, आणि जे मिळालं आहे त्याचं रक्षण म्हणजे क्षेम. ही दोन कामं वेगळी आहेत, हे लक्षात ठेवा. आजच्या विषयात ते पुन्हा पुन्हा लागणार आहे.

आता कालवा. बँकॉक ही राजधानी झाली 1782 साली, पहिल्या रामाच्या हाताने. नदी चाओ फ्राया. तिच्या एका वळणात शहर वसवलं आणि जमिनीच्या बाजूने कालवे खणून त्याचं बेट केलं. सर्वांत आतला कालवा त्याही आधीचा, राजा ताकसिनच्या काळातला, 1771 चा. दुसरा पहिल्या रामाने खणवला, आणि तो खणायला कंबोडियातून आणलेली हजारो माणसं राबली. मग जवळजवळ सत्तर वर्षं शहर त्या दुसऱ्या कालव्याच्या आत राहिलं आणि हळूहळू त्याच्या बाहेर सांडलं. 1851 साली चौथा राम, म्हणजे राजा मोंगकुट, गादीवर आला. हा गृहस्थ त्याआधी सत्तावीस वर्षं भिक्षू होता, पालीचा पंडित. गादीवर येताच त्याने तिसरा कालवा हाती घेतला, तोच आपला क्षेम-कालवा. सुमारे साडेपाच किलोमीटर लांबीचा. थेवेत भागात तो नदीपासून निघतो आणि शहराला वळसा घालून दक्षिणेला पुन्हा नदीलाच मिळतो. काम 1854 पर्यंत चाललं. ह्या वेळी खणणारे चिनी मजूर होते आणि त्यांना मजुरी मिळत होती. सत्तर वर्षांत वेठीकडून मजुरीकडे आलेला हा फरक बारीक नाही. खरं तर आजच्या विषयाची आर्थिक बाजू त्यातच आली: रोख मजुरी मिळणारा माणूस संध्याकाळी काहीतरी विकत घेऊन खातो.

कालव्याच्या काठाने किल्ले बांधले होते, म्हणजे उद्देश संरक्षणाचा होता. पण कालवा पुरा झाल्यावर पुढच्याच वर्षी, 1855 ला, इंग्रजांबरोबर बाउरिंगचा करार झाला. सयामचा व्यापार खुला झाला, तांदूळ बाहेर जाऊ लागला, आणि कालव्यांचा अर्थ पालटला. शत्रूला अडवायला खणलेलं पाणी तांदळाच्या होड्यांचा रस्ता झालं. बहुतेक किल्ले पुढे पाडले गेले. तटबंदीचा क्षेम गेला, व्यापाराचा योग आला, असं म्हणू या.

ह्या कालव्यावर पुढे पाचव्या रामाच्या काळात पूल बांधले, त्यांची नावं ऐका. एक विसुकाम नारुमान: विश्वकर्म्याने निर्मिलेला. एक मक्खवान रंगसान: मघवान म्हणजे इंद्र, त्याने रचलेला. हा 1903 चा. एक चतुरफाक रंगसारित: चतुर्वक्त्र म्हणजे ब्रह्मदेव. आमच्यातल्या एका मित्राने, ते संस्कृतचे, पुलावरची पाटी वाचायचा हट्ट धरला आणि पंधरा मिनिटं आम्हा सगळ्यांना उन्हात उभं केलं. पण त्यांचं बरोबर होतं. विश्वकर्मा, इंद्र आणि ब्रह्मदेव ह्यांनी पूल बांधायचे आणि त्यांच्याखालून भाजीपाल्याच्या होड्या जायच्या, ह्यात त्या लोकांना काही विसंगत वाटलेलं नाही.

पुलांची नावं देवांची. बाजाराचं नाव मात्र रांजणाचं आहे. चाओ फ्रायाला भरतीचं पाणी वर चढतं, उन्हाळ्यात नदी मचूळ होते. म्हणून घराघरात पावसाचं पाणी साठवायला मोठाले मातीचे रांजण लागत. हे रांजण घडवणारे मोन लोक. मोन हे ब्रह्मदेशातून वेगवेगळ्या वेळी आलेले, बँकॉकच्या उत्तरेला नदीकाठी वसलेले. ते होड्यांत रांजण रचून ह्या कालव्यात आणत आणि इथे काठावर विकत. त्या रांजणाला ‘ई लोएंग’ म्हणत, आणि जागेलाही तेच नाव पडलं. आता गंमत अशी, की थाई भाषेत बाईच्या नावाआधी ‘ई’ लावणं हलकेपणाचं समजतात. आपल्याकडे गंगूबाईला कुणी ‘गंगी’ म्हणावं, तसं. पुढे सभ्य लोकांच्या कानांना ते खटकू लागलं आणि ‘ई’च्या जागी ‘नांग’ आलं. नांग म्हणजे बाई, श्रीमती. बिचाऱ्या रांजणाची अशी रांजणबाई झाली! शहरं सुधारतात तेव्हा आधी नावं सुधारतात, हे आपल्याला मुंबई-पुण्यात वेगळं सांगायला नको.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. बँकॉकचं नाव काढलं की पर्यटकाच्या डोळ्यांपुढे तरंगता बाजार येतो. टोपलीसारख्या टोप्या घातलेल्या बायका, होडीत फळं, होडीतच शेगडी. असे बाजार खरोखर होते. शहराचं बरंच आयुष्य पाण्यावर चाले, नदीच्या दोन्ही काठांना तरंगती घरं बांधलेली असत. पाण्यावरच्या बाजाराला ‘तलात नाम’ म्हणतात आणि जमिनीवरच्या बाजाराला ‘तलात बोक’. नांग लोएंगला बँकॉकमधला पहिला तलात बोक समजतात. म्हणजे काय झालं? आपण कालव्याकाठचा जुना बाजार म्हणून ज्याच्याकडे भक्तिभावाने जातो, तो त्याच्या जन्माच्या वेळी पाण्याशी फारकत घेणारा, एकदम आधुनिक प्रकल्प होता. माल होडीने येई, विक्री छपराखाली होई. जुनेपणाचा आपला अंदाज नेहमी असा एका पिढीने चुकतो.

बाजाराचं उद्घाटन राजा चुलालोंगकोर्न, म्हणजे पाचवा राम, याने 29 मार्च 1900 ला केलं. तिथल्या त्या वेळच्या गणनेत हे साल रत्नकोसिन शक 118. तिथलं वर्ष तेव्हा 1 एप्रिलला सुरू होई, त्यामुळे हे उद्घाटन वर्ष संपायला तीन दिवस असताना झालं. समोरच्या रस्त्याचं नावच ‘बाजार रस्ता’ होतं; आता तो नाखोन सावान, आपल्या शब्दांत ‘नगर स्वर्ग’, ह्या नावाने ओळखला जातो. ह्याच्या मागे धोरण होतं. 1897 साली बँकॉकसाठी नगर-आरोग्याचं खातं सुरू झालं. त्याचं थाई नाव सुखाफिबान, म्हणजे सुख अधिक अभिपाल. सुखाचं पालन करणारं खातं! आमच्या नगरपालिकेला असं नाव द्यायची कुणाची हिंमत होणार नाही. घाण साचू नये, विक्रेते ठरल्या जागी बसावेत, छप्पर असावं, पाण्याचा निचरा व्हावा, हा त्या काळाचा विचार होता. रस्ते आधीच सुरू झाले होते. 1861 ला परदेशी वकिलातींनी राजाकडे तक्रार केली, की घोडागाडीतून हवा खायला रस्ता नाही, त्यामुळे आमच्या प्रकृती बिघडतात. त्यातून चारोएन क्रुंग हा रस्ता झाला. 1890 च्या दशकात बँकॉकला विजेवर चालणारी ट्राम आली, मुंबईला 1907 मध्ये. हे आकडे सांगितले की आपल्याकडे लोक जरा नाराज होतात.

मुंबईचं नाव निघालंच आहे तर एक खरा धागा सांगतो. हाच चुलालोंगकोर्न तरुणपणी, 1872 साली, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता. कलकत्ता, दिल्ली, आग्रा, लखनौ, बनारस पाहिलं, आणि मुंबईसुद्धा. 1869 साली पुरं झालेलं क्रॉफर्ड मार्केट त्या वेळी नवंकोरं होतं. छपराखालचा, मोजून आखलेला बाजार ही त्या काळी आशियाभर पसरणारी कल्पना होती. पुण्यातही शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणातला बाजार उठवून 1886 ला रे मार्केट उघडलं. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी त्या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर लागावा असं त्यांचं म्हणणं होतं. आज त्या मंडईला त्यांचंच नाव आहे. इतिहासाला विनोदबुद्धी असते की नाही हे आम्हाला ठाऊक नाही, नगरपालिकांना मात्र नकळत असते.

बरं, बाजारात खायला काय मिळतं? तुम्ही बराच वेळ ह्या प्रश्नाची वाट बघत आहात.

आम्ही पोचलो सकाळी अकराला. आत शिरल्यावर लांबलचक छपराखाली टेबलं, बाजूने गाळे, आणि प्रत्येक गाळ्यावर एखाद-दुसराच पदार्थ. एकाच गाळ्यावर पावभाजीपासून चायनीजपर्यंत सगळं, असा प्रकार नाही. शिजवलेल्या बदकाच्या शेवया एकाकडे, रस्से दुसऱ्याकडे, डुकराच्या मांसाचं सॉसेज आणि माशाचा मोकळा भुगा मिळून होणारा एक पदार्थ तिसऱ्याकडे. आमच्यात दोघे शाकाहारी होते. त्यांची सोय गोड पदार्थांवर झाली, आणि इतिहासाच्या दृष्टीने खरा खजिना तिथेच होता.

पहिला पदार्थ पिवळ्याधमक रंगाचा: थोंग योत म्हणजे सोन्याचे थेंब, थोंग यिप म्हणजे चिमटीत धरलेलं सोनं, फोई थोंग म्हणजे सोन्याच्या तारा. सगळे अंड्याच्या बलकाचे आणि साखरेच्या पाकाचे. (शाकाहारी मित्रांना हे आम्ही नंतर सांगितलं. वाद बराच झाला.) हे मूळचे पोर्तुगीज मठांतले पदार्थ. सयामात ते आणल्याचं श्रेय मारिया गुयोमार ह्या बाईला देतात. ती सतराव्या शतकात आयुथयाला राहत होती, राजा नाराईचा ग्रीक मंत्री फॉल्कन याची बायको. 1688 साली फॉल्कनचा शिरच्छेद झाला, आणि पुढे ती राजवाड्याच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. तिच्या वडिलांचं घराणं मिश्र, जपानी-पोर्तुगीज-बंगाली, आणि ते गोव्याहून तिकडे गेले असं सांगतात. बलकाचं हे वेड गोव्यात बिबिंकेत दिसतं, केरळात मापिल्ला मुसलमानांच्या ‘मुट्टमाला’त तर तारांसकट दिसतं. आम्हाला स्वतःला वाटतं, की एका बाईच्या नावावर सगळं जमा करायची लोकांना सवय असते. आयुथयाच्या पोर्तुगीज वस्तीत अशा पुष्कळ बाया असणार. पण तारांचा माग लिस्बन, गोवा, आयुथया, बँकॉक असा लागतो, हे बघून कुणालाही आनंद व्हावा.

दुसरा पदार्थ खानोम क्रोक. तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, खळग्यांच्या तव्यात ओतलेलं. आमच्या सौ. म्हणाल्या, “अहो, हे आप्पेपात्रच की.” ह्याला कोणी कोणाकडून घेतलं ते विचारू नका. नारळ आणि तांदूळ असलेल्या किनाऱ्यांना असा खळगा आपोआप सुचत असावा.

तिसरा पदार्थ उन्हाळ्यात मिळतो, खाओ चे. मोगऱ्याचा वास दिलेल्या थंडगार पाण्यात शिजलेला भात, सोबत तळलेली तोंडीलावणी. हा मुळात मोन लोकांचा, नववर्षाच्या सणाचा पदार्थ; मग राजवाड्यात गेला, चुलालोंगकोर्नला फार आवडे, आणि राजवाड्यातून पुन्हा बाजारात आला. बर्फ येण्याआधी हे पाणी गार कशात होई? मातीच्या रांजणात. ज्यांनी रांजण आणला त्यांनीच त्यातला भातही आणला.

आणि चौथा, ह्या भागाची खरी ओळख: क्लुआय खेक. तांदळाचं पीठ, नारळ आणि तीळ यांच्या पिठात बुडवून तळलेली केळी. म्हणजे आपली केळ्याची भजी, जरा गोडसर. ‘क्लुआय’ म्हणजे केळं, ‘खेक’ म्हणजे पाहुणा. पण थाई बोलण्यात ‘खेक’ हा शब्द भारतीय, मलाय, अरब अशा सगळ्यांना लावतात. तळणीत बुडवून तळायची ही तऱ्हा त्या लोकांकडून आली असं समजून केळ्याला पाहुण्याचं नाव. शब्द नेहमी प्रेमानेच वापरतात असं नाही. तिथल्या आपल्या लोकांना विचारलंत तर ते सांगतील. पाहुणा म्हणायचं, आणि दीडशे वर्षं राहिला तरी पाहुणाच म्हणायचं, ह्यात आतिथ्यही आहे आणि अंतरही आहे. भजी तळणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना सगळे ‘पा’ म्हणत होते, म्हणजे मोठी मावशी. त्यांनी आमच्याकडे बघितलं, हसल्या, आणि पुड्याकडे बोट करून आणि मग आमच्याकडे बोट करून म्हणाल्या, “खेक.” आम्ही पुडा घेतला.

मोन, चिनी, पोर्तुगीज, खेक. शिवाय शेजारच्या गल्ल्यांत लाखोन चात्री ह्या नाट्यप्रकाराचे कलावंत, तिसऱ्या रामाच्या काळात दक्षिणेकडून आलेले. मनोहरा किन्नरीची जातककथा हे त्यांचं मुख्य नाटक. बाजारालगत 1918 चं लाकडी चित्रपटगृह. 1916 साली सुरू झालेलं घोड्यांच्या शर्यतीचं मैदानही जवळच होतं, ते 2018 ला बंद झालं. साठच्या दशकातला लाडका नट मित्र चायबंचा ह्याच भागात वाढला. 1970 साली चित्रीकरण चालू असताना हेलिकॉप्टरच्या दोरशिडीवरून पडून तो गेला. ‘अस्सल थाई’ बाजार शोधायला गेलेल्या माणसाला इथे बहुतेक सगळं बाहेरून आलेलं सापडतं. ते इथे एकत्र शिजलं, इतकाच त्याचा अस्सलपणा, आणि आमच्या मते तो पुरेसा आहे.

आता क्षेमाकडे परत. जे मिळालं ते राखायचं म्हणजे नेमकं काय राखायचं?

ह्या बाजारापासून पायी जाण्याच्या अंतरावर, दुसऱ्या कालव्याच्या काठी, महाकान नावाचा बुरूज आहे. बँकॉकच्या तटाचे चौदा बुरूज होते, त्यांतले दोन उरले, त्यांतला हा एक. त्याच्या मागे जुन्या लाकडी घरांची एक वस्ती होती. तिथे बाग करायची म्हणून महानगरपालिकेने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला वस्ती हलवायचं ठरवलं. लोकांनी पंचवीस वर्षं विरोध केला. आमची घरंही ह्या शहराचा वारसाच आहेत, आम्ही ती सांभाळतो, असं ते म्हणत राहिले. मायकेल हर्झफेल्ड ह्या मानववंशशास्त्रज्ञाने त्यांच्यावर सबंध पुस्तक लिहिलं. 2018 च्या एप्रिलमध्ये शेवटची घरं गेली. आज तिथे हिरवळ आहे आणि पांढराशुभ्र बुरूज आहे. बुरूज राखला गेला. तो ज्यांच्या रक्षणासाठी बांधला होता त्या माणसांचं काय, हा प्रश्न हिरवळीवर उभं राहून विचारावासा वाटतो.

दुसरं उदाहरण अधिक मजेशीर, म्हणून अधिक गंभीर. 2015 साली सरकारने आपल्याच क्षेम-कालव्यावर, पंतप्रधानांच्या कचेरीला लागून, तरंगता बाजार भरवला. होड्या आणल्या, विक्रेते आणले, जुन्या थाई जीवनाचं दर्शन घडवलं. लोकांनी गर्दीही केली. तिथून थोड्याच अंतरावर खराखुरा बाजार रोज भरत होता. पण तो जमिनीवर होता, टोप्या घालत नव्हता. जुन्या काळचं चित्र उभं करणं सोपं असतं, मित्रहो, कारण चित्राला भाडं भरावं लागत नाही.

मग नांग लोएंग टिकला कसा? आमचं निरीक्षण सांगतो. बारा वाजले आणि बाजार अचानक भरला. पर्यटक नव्हते. गळ्यात ओळखपत्रं लटकवलेले कारकून, गणवेशातले शिपाई, बँकेतल्या मुली. आजूबाजूला सरकारी कचेऱ्या आहेत, मंत्रालयं आहेत, संयुक्त राष्ट्रांचं कार्यालय आहे. ही मंडळी तासाभरात जेवतात, संध्याकाळसाठी पिशवीत रस्सा बांधून घेतात आणि जातात. रविवारी कचेऱ्या बंद, तर बाजारही निजलेला. म्हणजे ह्या बाजाराचा पोशिंदा कोण? जेवणाची सुट्टी! वारसा म्हणून त्याला कुणी जगवलेलं नाही. दुपारी भूक लागणाऱ्या आणि पगार बेताचा असणाऱ्या माणसांनी जगवलं आहे.

म्हणूनच काळजीची गोष्ट छपराची नाही. छप्पर दुरुस्त होतं, लाकडी चित्रपटगृहाचाही जीर्णोद्धार करता येतो. काळजी आहे ती दोन गोष्टींची. एक, कचेऱ्या शहराच्या उत्तरेला चेंग वत्थनाच्या नव्या संकुलाकडे सरकू लागल्या आहेत; कारकून गेले की बाराची गर्दी गेली. दुसरी, जमीन विक्रेत्यांची नाही. ती राजघराण्याच्या मालमत्तेत येते, आणि गाळेवाले आणि आसपासचे रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या भाडेकरू आहेत. भुयारी रेल्वेच्या नारिंगी मार्गाचं एक स्थानक जवळच, लान लुआंगला होणार आहे. स्थानक आलं की जमिनीचा भाव काय होतो, हे गिरगावातल्या माणसाला सांगायला लागत नाही. स्थानक हा योग आहे आणि आम्ही त्याच्या विरुद्ध नाही. आमच्यासारख्या गुडघे दुखणाऱ्यांना तर तो हवाच आहे. पण शंकराचार्यांची फोड इथे लावून बघा. योग करणारी खाती आहेत, अंदाजपत्रकं आहेत, उद्घाटनाच्या तारखा आहेत. पा-मावशींनी आणखी दहा वर्षं त्याच जागी, परवडणाऱ्या भाड्यात, केळी तळावीत, हे ज्याचं काम आहे असं एकही खातं आम्हाला सापडलं नाही. सुखाफिबानसुद्धा गाळ्याच्या स्वच्छतेपुरतंच.

दीडच्या सुमाराला गर्दी ओसरली. दोन वाजता पाईप घेऊन फरशा धुवायला सुरुवात झाली आणि आम्हाला पाय वर घ्यावे लागले. तिथून कालव्याच्या काठाने वात सोमनात ह्या मंदिरापर्यंत चालत गेलो. 1853 साली मोंगकुटने आपल्या दिवंगत राणीसाठी ते बांधायला घेतलं, कालवा खणला जात होता तेव्हाच. नाव पालीतलं सोमनस्स, आपलं सौमनस्य. 2020 साली ह्या कालव्यात विजेवर चालणाऱ्या प्रवासी होड्या सोडल्या होत्या, त्यांचा धक्का शोधण्यात आमचा उरलेला वेळ गेला.

पुढच्या व्याख्यानात पुण्याच्या मंडईकडे येऊ. शनिवारवाड्यासमोरचा बाजार उठला तेव्हा तिथल्या बागवान-माळणींचं काय झालं, हे तेव्हा बघायचं आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ. मागे कुणाचा तरी हात वर आहे, त्यांच्यापासून सुरुवात करू.